पंगतीतला पहारा

आबा, तुमच्या सुनेनं या घरातून पापड हद्दपार केलाय. लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, आणि माळ्यावर चढायला मला डॉक्टरांची बंदी. स्वतंत्र देशात, स्वतःच्याच घरात, अळणी आमटीसमोर बसवलेल्या माणसानं दाद मागायची कुणाकडे? तुमच्यासारखाच मलाही हृदयविकाराचा झटका येऊन गेला. सांगलीला दवाखान्यात राहून आलो. आता गोळ्या जन्मभराच्या.

तुम्ही साताऱ्याच्या दवाखान्यातून परतलात, तेव्हा गावानं तुम्हाला लगेच बरं ठरवून टाकलं. आपल्याकडे छाती दुखायची थांबली की आजार संपतो, आणि त्यानंतर गोळ्या घेणारा तो भित्रा. त्यात जत्रेच्या पंगतीत मटणाला नको म्हणणं म्हणजे घरधन्याचा अपमान. पण तुम्ही पडलात रिटायर हवालदार. एकही घर चुकवायचा नाहीत. भाकरी-कांदा घ्यायचा, रश्श्याची वाटी माझ्याकडे सरकवायची, "ह्यो माझ्या वाटणीचं खातोय," म्हणायचं आणि सगळ्यांदेखत खिशातून गोळी काढायची.

"आवं, आता ठणठणीत हाय न्हवं? मग गोळी कशाला?" कुणीतरी विचारायचंच.

"शत्रू दिसल्यावर करत्यात ती लढाई. पहारा त्याच्या आधी असतोय."

त्या पहाऱ्यावर तुम्ही माझं लग्न लावलंत, नातींना मांडीवर खेळवलंत आणि चांगले म्हातारे होऊन गेलात.

परवा कडेगावकडच्या जत्रेला धाकट्या मामांकडे गेलो होतो. त्यांना मागं अर्धांगाचा झटका आलेला. वाढताना पळी अजून थरथरते. "घे की रं, एका दिवसानं काय हुतंय?" मी वाटीवर हात आडवा धरला. गोळी मात्र खिशातच. विनोदी लेखांतून जगाची टिंगल करून पोट भरणारा मी, चार माणसांत आपली टिंगल होईल म्हणून खिसा चाचपत बसलेला. शेवटी काढलीच. मामा वाकून कानाशी म्हणाले, "मी तर दिवाळीपासनं सोडल्यात. बरं वाटतंय की."

मी तुमचं पहाऱ्याचं वाक्य जरा मोठ्यानंच म्हटलं. पंगत हसली. मामा हसले नाहीत. पळी भांड्यात ठेवून म्हणाले, "उद्या तपासणीला सांगलीला जाताना तुझ्या गाडीत जागा हाय का? डॉक्टरला इचारून परत सुरू करतो."

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून सांगतो. तुमची वाक्यं मी आजवर बिनदिक्कत स्वतःच्या नावावर छापत आलोय. त्या दिवशी पंगतीतून कुणीतरी ओरडलं, "जीभ लय धारदार हाय रं तुझी!"

मी म्हणालो, "माझी न्हाई. आबांची."