शिंप्याचे हात

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि इकडे फोन आला. माझ्या गोष्टीवरच्या कॉलेजच्या फिल्मचं शूटिंग उद्या नाही, आजच आहे. कॅमेरा आजच मिळतोय, म्हणून चहा अर्धा टाकून पळतेय.

फिल्ममध्ये शिंप्याची भूमिका करणाऱ्या काकांना सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. काल तालमीत त्यांनी कोटाची बाही उलटी लावली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्या भरात मी सांगून टाकलं, की चेहरा काकांचा घेऊ, पण शिवणारे हात माझ्या बाबांचे. तुम्हाला न विचारता बोलले, त्याबद्दल काय रागवायचं ते संध्याकाळी रागवा.

अकरा वाजता कॅमेरावाली मुलगी तुम्हाला न्यायला येईल. तुमची मोठी कात्री मी घेतलीय. निळा सदरा इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय, तोच घालून या.

दुकान बंद केल्यापासून चारचौघांत तुम्ही उजवा हात खिशातच ठेवता, ते मला दिसतं. आज तो कॅमेऱ्यासमोर थरथरला, तर थरथरू द्या. गोष्टीतल्या शिंप्याचाही थरथरतो. मी पहिल्यापासून तसंच लिहिलंय.

— बारकी