झाडणारा जबाबदार

१४ ऑक्टोबर, मंगळवार सकाळ

प्रिय रेजिस,

चार घरं पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहायची वेळ यावी, यातच सगळं आलं. तू फोन उचलत नाहीस. दार वाजवलं तर मार्लीन ओले हात पुसत येते आणि म्हणते, तो तळघरात आहे, काडतुसं भरतोय. तळघरातून तर कसलाच आवाज येत नसतो. काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली आला की कसा आवाज होतो ते मला कुणी सांगायला नको. इतका गप्प असलेला माणूस काडतुसं भरत नसतो, लपलेला असतो. म्हणून हे लिहितेय. शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून बायकोच्या हातात देऊ नकोस.

परवा, गुरुवारी, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये आपल्या नेमबाजी क्लबची सभा आहे. विषय एकच आहे: बर्नाडेट सोप्को हिचं नाव सभासदांच्या यादीतून काढायचं की ठेवायचं. तेहतीस वर्षं माझं नाव त्या यादीत आहे. आरोप असा की मी स्टेट मॅचला हलकी काडतुसं नेली. माझी काडतुसं माझ्या भावानं भरली होती आणि मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं एक वाक्य मी बोलले तर निम्मा हॉल माझ्या बाजूला येईल. ते वाक्य मी अजून कुणापुढे उच्चारलेलं नाही. का नाही, ते तुला ठाऊक आहे. ते तर क्लबच्या भिंतीवरच लिहिलंय.

हॅरिसबर्गपलीकडच्या त्या मैदानावर काय झालं ते तू माझ्याकडून ऐकलेलं नाहीस, कारण तू आला नव्हतास. तुझ्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला होता म्हणे. त्यावर मी नंतर येते. तिथे पहिल्याच फेरीनंतर एक पांढऱ्या दाढीचा पंच आला आणि सगळ्यांसारखी माझ्याही पिशवीतून आठ काडतुसं घेऊन गेला. एक फोडून त्यातली गोळी तोलली, तीन वेग मोजायच्या यंत्रावरून झाडली. गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा. तू आणि मी हा हिशेब झोपेतही करतो. माझा आकडा खाली आला. थोडाथोडका नाही, चांगलाच खाली. त्यानं उरलेली काडतुसंही झाडली. आकडा हलला नाही. तो माणूस सभ्य होता. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, ही काडतुसं फार मवाळ आहेत. खेळायचं तर खेळा, पण गुण धरता येणार नाहीत." मी खेळले. उरलेल्या सगळ्या फेऱ्या खेळले, मान वर ठेवून. संध्याकाळी लावलेल्या यादीत सर्वांत खाली माझं नाव होतं आणि पुढे शून्य. आपल्या क्लबचे सात जण त्या यादीपुढे उभे होते आणि सातही जण बुटांकडे बघत होते.

हलकं काडतूस म्हणजे कमी धक्का. कमी धक्का म्हणजे रिव्हॉल्व्हर लवकर निशाण्यावर परत येतं, आणि आपला खेळ सेकंदांचा आहे. त्यामुळे हलकी काडतुसं आणणाऱ्याला आपण चुकलेला म्हणत नाही, चोर म्हणतो. हे कुणी शिकवलं क्लबला? मीच. आठ वर्षांपूर्वी डेल्मर क्रूपाची काडतुसं अशीच हलकी निघाली. तो बिचारा म्हणाला, बायकोनं भरली होती, तिचा तराजू बिघडला असेल. मी उठले आणि वीस मिनिटं बोलले. काचेच्या कारखान्याच्या फाटकावर युनियनतर्फे मालकांना झोडपताना जो आवाज लावायचे, तोच लावला. म्हटलं, आज म्हणतोस बायकोनं भरली, उद्या म्हणशील चापही तिनंच ओढला. भरणारा कोण का असेना, झाडणारा जबाबदार. हॉल हसला, टाळ्या पडल्या, डेल्मरचं नाव गेलं. आणि कुणीतरी माझं ते वाक्य फळीवर कोरून कॉफीच्या यंत्रावर लावलं. आठ वर्षं मी त्या फळीखाली उभी राहून कॉफी प्यायलेय, रेजिस. मला ती फार आवडायची.

मॅचहून परत आले आणि घरातले तुझे सगळे डबे स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडले. अकरा डबे. प्रत्येकावर तुझ्या पेन्सिलीनं तारीख, गोळी आणि बंदुकीच्या दारूचं वजन. वजन सगळ्यांवर एकच, तेच जुनं, तुझ्या वहीतलं. मग गोळी उपटायचा हातोडा घेतला आणि प्रत्येक डब्यातली पाच काडतुसं फोडली. दारू बाबांच्या जुन्या तराजूवर तोलली. जानेवारीचा डबा बरोबर. फेब्रुवारीचा बरोबर. मार्चमध्ये मोहरीच्या दाण्याएवढी दारू कमी. एप्रिलमध्ये आणखी एक दाणा. ऑगस्टपर्यंत तू पायरी पायरीनं उतरत गेला होतास, इतक्या बेतानं की एकाही डब्यातली पाच काडतुसं एकमेकांपासून हलत नव्हती. म्हणजे तराजू बिघडला नव्हता. हात थरथरला नव्हता. चाळीस वर्षं यंत्रशाळेत केसाच्या जाडीनं लोखंड कातलेल्या माणसाचं हे काम होतं. आणि डब्यावर मात्र जुनाच आकडा. बाबांनी आपल्याला दुसरं काय शिकवलं होतं? टेबलावर दारूचा एकच डबा ठेवायचा, भरताना रेडिओ लावायचा नाही आणि लेबलावर खोटं लिहायचं नाही. कारण माणूस लेबल वाचून विश्वासानं काडतूस बंदुकीत घालतो. आणखी दोन पायऱ्या उतरला असतास तर गोळी नळीतच अडकली असती, आणि मागून दुसरी झाडली असती तर माझं काय झालं असतं, त्याचा विचार तूच कर.

आपल्यात प्रत्येक जण नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतो की दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालू नये. आयुष्यात मी एकाच माणसासाठी हा नियम मोडला.

आता माझ्या खऱ्या रागावर येते. शून्याचा राग नाही तो. शून्य मी गिळेन. दोन हिवाळ्यांपूर्वी चर्चच्या पायरीवर बर्फावरून घसरले, मोडलेल्या मनगटात स्टीलची पट्टी बसवली. गेल्या हिवाळ्यात प्रत्येक बारानंतर कळ कोपरापर्यंत जायची. मग वसंतात ती कमी झाली. मे महिन्यात आणखी कमी. जूनमध्ये मी पूर्ण सराव करून घरी आले आणि बर्फाची पिशवीसुद्धा काढली नाही. मला वाटलं, हात बरा होतोय. वेड्यासारखी आनंदले रे मी. रोज सकाळी रबरी चेंडू दाबत होते, त्याचं हे फळ असं मानलं. चर्चच्या तळघरात पिरोगीच्या करंज्या लाटताना सगळ्या बायकांना हात दाखवला, मूठ उघडून मिटून दाखवली, आणि माणसाच्या इच्छाशक्तीवर भाषण ठोकलं. तू समोर बसून बटाटे कुस्करत होतास. तू मान डोलावलीस. जुलैमध्ये डॉक्टरनं दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी दिलेली तारीख मी रद्द केली. तुला सांगूनच रद्द केली. तेव्हाही तू गप्प. माझा हात जसा होता तसाच होता, आणि तू चमच्या-चमच्यानं माझ्यापुढे खोटं वाढत होतास. कारखान्याच्या मालकानं मजुरी कापली तर ती निदान पावतीवर दिसायची. तू माझ्या खऱ्यातून दर महिन्याला मोहरीएवढं कापलंस आणि पावतीवर पूर्ण आकडा लिहिलास. न मागता केलेली दया ही चोरीच असते. हे मी आयुष्यभर परक्यांना ओरडून सांगितलं, आणि ते घरात शिरलेलं मला दिसलं नाही.

काल सकाळी मी बाबांच्या जुन्या एकेरी प्रेसवर सहा काडतुसं भरली. पूर्ण वजनाची, एकेक तोलून. डाव्या हातानं दांडा ओढला, तासभर लागला. मग एकटी मैदानावर गेले. सोमवार, चिटपाखरू नव्हतं. पहिल्या बारालाच रिव्हॉल्व्हर उडून कपाळाशी आलं. सहावा मी कसा झाडला ते आठवत नाही. नंतर गाडीची किल्ली फिरवता येईना. पंधरा मिनिटं तशीच बसून राहिले. म्हणजे माझा हात कुठे आहे, ते आता मला माहीत आहे. आठ महिने उशिरा.

गाडीच्या मागच्या कप्प्यात दुखण्याची गोळी शोधताना तुझा डबा सापडला. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सरावानंतर विसरला होतास. वर लिहिलेलं, रेजिस. तुझी स्वतःची काडतुसं. मी तो घरी आणून फोडला. खरं सांगू, पुरावा म्हणूनच फोडला. स्वतःसाठी पूर्ण भरतोस आणि बहिणीला पाणी घालून देतोस, हे तोंडावर फेकायचं होतं. तोलली. पुन्हा तोलली. तुझीही तितकीच हलकी. दाण्याला दाणा.

बराच वेळ मला उलगडेना. तुझे हात तर ठणठणीत आहेत. मग तो रविवार आठवला. मैदानावर आपण शेजारशेजारच्या पट्ट्यांत उभे असतो, आधी तू झाडतोस, मग मी. हलक्या काडतुसाचा आवाज खाली बसतो. तुझा आवाज मोठा आणि माझा बसका आला असता तर दुसऱ्या बारालाच मी वळले असते. म्हणून तू स्वतःचाही आवाज उतरवलास. मार्चपासून, माझ्याबरोबर, पायरीपायरीनं. आणि म्हणून तुझ्या ट्रकचा गिअरबॉक्स गेला. ही काडतुसं तिथे चालणार नाहीत, आणि पूर्ण वजनाची नेलीस तर माझ्याशेजारी तुझा आवाज फुटेल. बावीस वर्षं न चुकवलेली स्टेट मॅच तू चुकवलीस. मलाही अडवायला बघितलंस, यंदा राहू दे, पाऊस आहे, रस्ते वाईट आहेत. मी शेजारणीच्या गाडीतून गेले. फाटकापर्यंत आलास. खिडकीवर हात ठेवून उभा राहिलास. तेव्हा तरी बोलायचं होतंस, गाढवा. एक वाक्य लागलं असतं. तू म्हणालास, "पाण्याची बाटली घेतलीस ना?"

यानं माझा राग उतरला असं समजू नकोस. वाढला. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं, ते मी पोटापाण्यासाठी केलंय.

काल दुपारी डेल्मरकडे गेले. तो अंगणात दंताळ्यानं वाळकी पानं ओढत होता. मी म्हटलं, मला काही बोलायचंय. तो वर न बघता म्हणाला, "तू सभेत बोललीस तेव्हा मी बसून ऐकलं होतं. आता माझी पानं होऊ देत, तू उभी राहा." मी उभी राहिले. त्यानं मुद्दाम सावकाश ओढली, कोपरे परत परत ओढले. अर्धा तास मी तोंड उघडलं नाही, इतका वेळ मी शाळेतही गप्प बसलेली नाही. मग माफी मागितली. त्यानं मला आत बोलावलं नाही, पण दंताळं भिंतीला टेकवून म्हणाला की त्याच्या बायकोनं त्या दिवसापासून प्रेसला हात लावलेला नाही. गुरुवारी माझ्या बाबतीत मत काहीही पडो, डेल्मरचं नाव परत घालायचा ठराव मीच मांडणार आहे.

आणि आता हे पत्र कशासाठी ते. मार्लीननं मला सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. तू तळघरात कागदावर काहीतरी लिहितोस, खोडतोस आणि पुटपुटत पाठ करतोस. गुरुवारी उभं राहून सगळं स्वतःवर घ्यायचा तुझा बेत आहे. तू, ज्यानं चर्चच्या सभेत कधी हातही वर केला नाही. तर ऐक: तू उठायचं नाहीस. मला न विचारता माझ्यावर दुसऱ्यांदा दया करायची नाही. ती फळी माझी आहे, तिच्याखाली मीच उभी राहीन. तुला बोलायचंय ते बोल, पण उद्या, माझ्या स्वयंपाकघरात, मला. मला ठाऊक आहे तू का बोलला नाहीस. जानेवारीत तू विचारलं होतंस, दुखतं का. मी नाही म्हणाले, आणि मग असं काही बोलले की पुन्हा विचारायची तुझी छाती झाली नाही. लेबलावर खोटं आधी मी लिहिलं, रेजिस. माझ्यासमोर वाद कुणी जिंकत नाही, याचा मला एवढा गर्व, की सख्ख्या भावाला मला खरं सांगण्यापेक्षा आठ महिने दारू तोलत बसणं सोपं वाटलं. उद्या ये. दोन वर्षं माझ्या हाताकडे शेजारच्या पट्ट्यातून बघतो आहेस, काय दिसतं ते सांग. पानं ओढून होईपर्यंत मी गप्प बसेन, आता मला सवय झालीय. नंतर दोघं मिळून भरू. तुझी पूर्ण वजनाची, जशी तुला हवीत तशी. माझी हलकीच, कुठल्याही मॅचला न चालणारी, पण डब्यावर खरा आकडा. रविवारी क्लबच्या मैदानावर नव्हे, बाबांच्या जुन्या खाणीतल्या नेमबाजीच्या पट्ट्यांत शेजारी उभे राहू. आवाज वेगवेगळे येतील. येऊ देत.

अजून चिडलेली, आणि तरी तुझीच,
बर्नी