दाराबाहेरची पोती

सोमवार, ४ मार्च

लग्नानंतर सासरी आज पहिला दिवस. मला खिडकीजवळचं अख्खं कपाट मिळालंय! सासूबाईंनी डबे दाखवले, नणंदेनं गच्ची दाखवली, आणि सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं तळघर. पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा जीव त्यातच. अणुबॉम्ब पडलाच तर तिथे राहायचं. पाण्याची पिंपं, बिस्किटं, कंदील, झाकणाची बादली, सगळं अगदी जागच्या जागी. मला हसू फुटत होतं. नवऱ्यानं डोळे वटारले, मग तोही हसला.

शनिवार, ९ मार्च

रेडिओवरच्या बातम्या वाईट आहेत. दिवसभर मी आणि नणंदेनं वाळूची पोती भरली, हात सोलवटले. तळघरात गाद्या चारच कशा, असं तिनं जेवताना सहज विचारलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, ही आत्ताच तर आलीय. जणू मी संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होते.

बुधवार, १३ मार्च

आज तालीम झाली. सासऱ्यांनी शांतपणे समजावलं: दाराला आतून अडसर लागेल, पण किरणं अडवायची तर बाहेरून पोती रचावी लागतील. म्हणजे कुणीतरी बाहेर राहणार. सासूबाईंचे गुडघे धरलेत, नणंदेचं लग्न व्हायचंय, मुलगा एकुलता एक. तू चपळ आहेस, म्हणाले. कौतुक केल्यासारखं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो कंदिलाची काच पुसत होता. पुसलेलीच काच.

खोलीत आल्यावर म्हणाला, असं काही होणार नाहीये, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी भोंगा झाला. भाजी चिरत होते. नवऱ्यानं हात धरून मला तळघराच्या दारापर्यंत धावत नेलं. तिथे हात सोडला.

मी पोती रचली. हो, रचली. रडत, पण नीट, शिकवली तशी. मग पायरीवर बसून मरणाची वाट पाहिली.

दुपारी शेजारीण आली. भोंगा बिघडून वाजला म्हणे. काहीच झालेलं नाही.

गुरुवार, संध्याकाळ

पोती काढली. आतून अडसर आहे. काही झालं नाही, बाहेर या, म्हणून ओरडले. सासरे म्हणाले, आत यायला कुणीही हेच सांगेल.

अंगणात त्यांची हवेची नळी निघते. तिथे तोंड लावून बोलले. नवऱ्यानं विचारलं, "तू अजून बोलतेयस कशी?"

सासूबाई म्हणाल्या, "ती गेली रे. तिच्याशी बोलू नकोस."

शेजारणीनंही हाक मारली. आत नणंद किंचाळली — आता दोघी आल्यात म्हणून.

शुक्रवार, २२ मार्च

नळीत आतून चिंध्या कोंबल्यात. हवा जायला तेवढीच वाट. सळईनं ढोसलं की ते आणखी घट्ट —

लोहाराला आणलं. त्याचा पहिला घण दारावर बसला आणि आत एकच आकांत. त्यांना वाटलं, बॉम्ब —

नंतर

आता आवाज नाही. लोहार म्हणतो, अडसर तुटत आलाय.

घण थांबला. दार उघडलं वाटतं. लोहार खालून शेजारणीला बोलावतोय. बाईंना खाली पाठवू नका म्हणतो. का? मी म्हटलं, अहो, आतली माणसं माझी —