खिडकीपुढचा टीव्ही

अमरावती,
रविवार, मॅच चालू आहे

तीर्थस्वरूप उत्तममामांना शिवमचा साष्टांग नमस्कार.

मामा, आईने नव्या टीव्हीला कुंकू लावलं, त्या क्षणी माझं सगळं आयुष्य फिरलं. (आधी तब्येत विचारायची असते, रागाच्या भरात राहून गेलं. तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर? जुन्या शहरात नळ वेळेवर येतात ना? बरं. आता ऐका.)

मी कॉलेज मध्येच सोडलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (सर भर वर्गात म्हणाले, तुझ्यानं काही होणार नाही. मी म्हटलं, तुमच्यानं तरी काय झालं? आणि बॅग उचलली. त्यावर पुन्हा चर्चा नको.) तेव्हापासून आमच्या घरामागे राहणारे महादेवराव, म्हणजे एसटीत तुमच्याबरोबर होते तेच कंट्रोलर, मला माणसात धरत नाहीत. आणि त्यांच्याच पोरीवर, प्राजक्तावर, माझा जीव. आता महादेवरावांना मॅचचं वेड, पण घरचा टीव्ही ताटाएवढा. मी म्हटलं, आपल्याकडे भिंतभर टीव्ही आला की ते येतील, ते आले की मागून प्राजक्ताही येईल. एवढ्यासाठी मी अकोल्यापर्यंत तुमच्याकडे धावत आलो.

तुम्ही दाखवलेल्या दुकानात खोक्याचा कोपरा चेपलेला तो भला मोठा टीव्ही छोट्याच्या भावात मिळाला, हे तुमचे उपकार. इंटरनेट नाही, बोललेलं ऐकत नाही, नुसता दिसतो आणि ओरडतो. (आई म्हणाली, "तुह्यासारखाच हाय.") दुकानातच तुम्ही विचारलं होतं, "भिंत मोजून आला का बावा?" आणि मी फणकाऱ्यानं म्हणालो होतो, भिंत पुरली नाही तर घर वाढवू. तो शब्द आता मागे घेतो.

परतीच्या गाडीत कोणीतरी सांगितलं, आडवा ठेवला तर काच जाते. मग काय, नवरीला धरावं तसा मी तो उभा धरून आणला. मूर्तिजापूर आलं तेव्हा माझं डोकं आणखी तापलं, कारण प्राजक्ताला पाहून गेलेला पोरगा तिथलाच. फलाटावर नीट भांग पाडलेला जो दिसेल त्याच्याकडे मी डोळे वटारले. एका बिचाऱ्यानं घाबरून मला जागा दिली.

आता खरी गोष्ट. आमच्या बैठकीची मागची खिडकी थेट प्राजक्ताच्या गच्चीसमोर उघडते. गल्लीतून ती गच्ची दिसत नाही, दिसते ती फक्त तिथूनच. तिचा फोन महादेवरावांनी काढून घेतलाय. म्हणून अकोल्याला निघण्याआधी मी खिडकीतून तिला सांगितलं होतं, त्या पोराला नाही म्हणणार असशील तर पिवळी ओढणी वाळत घाल. घरी आलो, टीव्ही टेकवला आणि पेढे आणायला गेलो. परत येतो तर आई आणि पाहायला आलेल्या महादेवरावांनी मिळून टीव्ही खिडकीपुढे उभा केलेला, काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, नारळ फुटलेला! खिडकी ठार बंद. मी हलवायला गेलो तर आई आडवी आली, "पूजा झाली तिथून सव्वा महिना वस्तू हालवत नसतात, भैताडा!"

तेव्हापासून अख्खी गल्ली आमच्याकडे. बॉलर स्वस्तिकातून धावत येतो आणि लोक नमस्कार करतात. महादेवराव डेपोत गाडी भरावी तसे माणसं बसवतात, "सरका, मांगं जागा हाय!" वर माझ्याकडे पाहून, "पोट्ट्यानं शिक्शन अर्धं सोडलं, पन टीव्ही पुरा आनला." प्राजक्ता येत नाही. घर राखायला कोणीतरी लागतं, म्हणे. वायर पाहतो असं सांगून मी टीव्हीमागे डोकं घातलं, तर चित्रच गेलं. गल्लीनं मला पाय धरून बाहेर ओढलं.

मामा, इथवर लिहिलं होतं. आत्ता जाहिराती लागल्या आणि महादेवराव आईला म्हणाले, "कौशल्याबाई, आमची पोट्टी येडी झाली का काय समजत नाई. एकच पिवळी ओढनी रोज धुते अन् रोज वाळू घालते. पान्याचा नुस्ता नास!"

सगळे हसले. माझ्या हातातला चहा सांडला.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
शिवम

ता. क. : टीव्ही चांगला आहे. दुकानदाराला मी चेपलेल्या खोक्यावरून शिव्या दिल्या होत्या, त्या दिल्या नाहीत असं त्याला सांगा.

ता. क. दुसरा : खरं काम हे. महादेवराव जगात फक्त तुमचं ऐकतात. या पत्राचा फोटो तुमच्या मोबाईलवर टाकतोय. मॅच संपली की त्यांना फोन करा आणि माझ्यासाठी प्राजक्ताला मागणी घाला. शिक्षणाचा विषय निघाला तर मॅचचा काढा.

ता. क. तिसरा, दारात उभ्यानं : शेवटची ओव्हर आहे, कोणी मान वळवत नाही. त्यांच्या घरी ती एकटीच आहे, आणि एका पोरीनं एक ओढणी किती दिवस धुवावी? आवाज वाढवून ठेवलाय. चपला हातात घेतल्यात. निघालो. दार ओढून घेतो, आणि बाहेरून कडीही लावतो. फोन करायला तुम्हाला तेवढाच वेळ जास्त.