गल्लीकडचं फाटक

प्रिय चिंगे,

आईने तुझा पेपरातला फोटो फ्रिजच्या दारावर लावलाय, तोही नेमका माझ्या डोळ्यांसमोर येईल असा. दूध काढायला गेलं की तू, ठेवायला गेलं की तू. डोक्यावर ती पिवळी टोपी, काखेत नकाशांची गुंडाळी, आणि खाली छापलंय, ‘वस्तीचा कायापालट करणारी वस्तीचीच लेक’. लेक मीही याच वस्तीची आहे, पण मला कुणी टोपी दिली नाही. आईची औषधं मी देते, पाय मी चेपते, आणि दारात आलेल्या प्रत्येकाला ती सांगते की माझी धाकटी म्हणजे सोनं आहे हो. मोठी म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही आणि ती सांगत नाही. तेव्हा आडवळणाने कशाला बोलू? मला तुझा हेवा वाटतो, चिंगे. थोडाथोडका नाही, अगदी जळफळाट होतो.

गल्लीत तुझे दिवे लागले. चांगले आहेत, नाही कसं म्हणू? उजेड थेट माझ्या शिवणयंत्रावर पडतो. फरशा बसल्या, गटारावर झाकणं आली, आणि बंद कारखाना पाडून तिथे तुझी नवी शाळा उभी राहिली. आता जो तो एकाच गोष्टीवर भांडतोय, शाळेचं फाटक कुठे उघडायचं. मोठ्या रस्त्याकडे उघडलं तर ट्रक, गल्लीकडे उघडलं तर कारखान्याच्या उरलेल्या भिंतीपाशी ते आंधळं वळण. वस्तीच्या सभेत सगळे तावातावाने बोलत होते आणि तू उठलीस. म्हणालीस, फाटक गल्लीकडेच हवं, कारण आमची गल्ली मुलांना हातोहात शाळेत पोचवते. मग तू ‘दिसली’ची गोष्ट सांगितलीस. मूल घरातून निघालं की पहिल्या दारातून हाक, ते पुढच्या दारासमोर आलं की तिथली बाई ओरडणार ‘दिसली’, मग त्याच्या पुढची. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या तर थांबेचनात. मी शेवटच्या रांगेत बसले होते, ओढणीला टाचण्या तशाच टोचलेल्या, कारण एकीचं माप अर्धवट टाकून तुझं भाषण ऐकायला धावले होते.

आणि तू म्हणालीस, ही आमच्या गल्लीची जुनी पद्धत. जुनी पद्धत म्हणे! अगं, ती काय आभाळातून पडली? तू दुसरीत होतीस. त्या वळणावर कुत्री असायची आणि भिंतीवर बसलेली रिकामटेकडी माणसं. तू दप्तर टाकून उंबऱ्यात फतकल मारायचीस. आई कामावर गेलेली, मला शिवणाच्या क्लासला उशीर होतोय, तुला सोडायला कोण जाणार? म्हणून मी सायकलवाल्याच्या बायकोला ओरडून सांगितलं, निघालीय, जरा बघा हो. ती ओरडली, दिसली. तिने वळणावरच्या नर्सबाईला सांगितलं. हळूहळू सगळ्याच जणी आपापल्या पोरांसाठी ओरडायला लागल्या. तुला पुढची शाळा मिळाली, मग कॉलेज, मग परगावची मोठी नोकरी, आणि मी त्याच दारात राहिले. ते एक वेळ चालेल. पण माझी हाकसुद्धा तू गल्लीच्या नावावर करून टाकलीस, हे मला गिळवत नाही. घरी आल्यावर मी दोन बाह्या उलट्या जोडल्या. तुझे दाजी म्हणाले, आज गिऱ्हाईक मागे चालत जाणार वाटतं. मला हसूसुद्धा आलं नाही.

आता त्या रविवारचं सांगते, तू साहेबलोकांना घेऊन गल्ली बघायला आली होतीस त्या दिवसाचं. सगळी दारं उघडी होती, बायका उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि तू दिसताच कुणीतरी ओरडलं ‘दिसली’. मग हसत हसत सगळ्याच ओरडल्या. तुझे डोळे भरून आले. साहेबांनी फोटो काढले. मी आत तुमच्या सगळ्यांसाठी चहा गाळत होते. चिंगे, ती दारं तुझ्यासाठी उघडली होती. आपली साहेबीण झालेली पोर बघायला लोक जमले होते. एरवी गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नाही. सायकलवाल्याच्या घरी आता काचेचं दुकान झालंय, ते दुपारीच उघडतं. नर्सबाई लेकाकडे राहायला गेल्या, आणि त्यांच्या बंद घराला तुझ्याच कामाचे आडोशाचे पत्रे लागलेत. वळण आहे तसंच आहे, फक्त कुत्र्यांना आता उजेड मिळालाय. मला हे तेव्हाही माहीत होतं, सभेतही माहीत होतं. मी बोलले नाही. म्हटलं, पडू दे हिला एकदा तोंडावर. मग बघू आई कुणाला सोनं म्हणते.

हे पत्र लिहायला बसले ते मंगळवारी जे झालं त्यामुळे. माझ्या पिटुकलीला नव्या शाळेची वाट कळावी म्हणून मी एकटीला पाठवलं आणि दारातून जुनी हाक दिली. पुढून काहीच आलं नाही. मी परत ओरडले. मग चप्पलही न घालता पळत गेले, तर पोर पत्र्यांना पाठ लावून उभी, समोर कुत्री, आणि दप्तर पोटाशी घट्ट धरलेलं. मला वाटलं तूच उभी आहेस. शुक्रवारी फाटकाच्या नकाशावर तुझी सही आहे ना? करू नकोस. फाटक मोठ्या रस्त्याकडे ने आणि तिथे ट्रक थांबवायची सोय कर, नाहीतर नर्सबाईंच्या जागेत खिडकीपाशी बसणारं माणूस दे. रिकाम्या दारांच्या भरवशावर पोरं सोडू नकोस. चूक झाली म्हणून सांगताना तुझी मान खाली जाईल, पेपरात तेही छापून येईल, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटेल. फक्त तेव्हा एवढं सांग की पहिली हाक माझ्या ताईने दिली होती. तुला ते ठाऊक नसेलच, कारण तू पुढे बघून चालायचीस. तू वळणाआड गेलीस की मी दारात उभी असायचे, आणि नर्सबाईंचं ‘दिसली’ ऐकू येईपर्यंत तिथून हलायची नाही. क्लासला रोज उशीर व्हायचा तो त्यामुळे.

तुझीच, अजून रागावलेली,
ताई