मामाजींच्या ओसरीत ‘विथ’

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळीच गॅस संपला. दुसरं सिलिंडर जोडते तोच दारात सविता. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आबाजींची सून. यवतमाळला नर्सिंग शिकली, लग्न होऊन फुलसावंगीत आली, तेव्हापासून घरीच. आता इंग्लंडात नर्सेस घेतात म्हणून इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. डिसेंबरात, नागपूरला. लिहिणं-वाचणं तिनं केलंय, बोलणं मी करून घ्यावं. म्हटलं, अगं, आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून घसा बसला माझा. तर म्हणते, “मॅडम, तुमच्याशिवाय गावात हाय कोन?” हे खरं आहे, म्हणून आणखी राग आला.
शिकवणी तिच्याच घरी. सुनेला बाहेर शिकायला पाठवणं आबाजींना पटत नाही. आज तरी कशी आली? कापूस वेचणीच्या बायकांना निरोप द्यायच्या निमित्तानं. म्हणजे माझ्याच गुडघ्यांनी रोज दोन गल्ल्या चालायच्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
पहिला दिवस. फुकट गेला.
ओसरीत बाजेवर आबाजी, हातात अडकित्ता. खाली सतरंजीवर सविता (यापुढे स.), पदर पार कपाळावर. सराव-प्रश्न दिला: तुम्ही ज्या माणसासोबत राहता त्याच्याबद्दल बोला. ओठ हलले. आवाज नाही. मोठ्यानं म्हण. पुन्हा नुसते ओठ. शेवटी कुजबुजली, “मामाजी बसले हायेत ना.” मामाजी म्हणजे सासरे.
मग कळलं. लग्न झाल्यापासून ती सासऱ्याशी एक शब्द थेट बोललेली नाही. जेवण झालं की भिंतीकडे बघून, “ताट वाढलं म्हना.” आबाजी खांबाकडे बघून, “च्या भेटन का म्हना.” कोणाला म्हणा? सासूबाई वारल्या, नवरा प्रशांत वणीला कोळशाच्या ट्रकवर, पंधरवड्यातून कधी येतो. घरात माणसं दोन आणि ‘म्हणा’ सगळं तिसऱ्याला. पूर्वी सासूबाई मध्ये होत्या, तेव्हा ठीक होतं. आता भिंत आहे.
परीक्षकालाही भिंतीमार्फत सांगणार आहे का ही?

८ नोव्हेंबर, शनिवार
बोलत नाहीस तर लिहून आण, म्हटलं. आणलं. ओळीओळीत ‘विथ’. मॅरीड विथ, टेल विथ, गो विथ बस. सोबत दिसलं की विथ, नाही दिसलं तरी विथ. लाल पेन अर्धं संपलं.
मग बसून समजावलं. विथ म्हणजे फक्त सोबत नाही गं बाई. चाकूनं कापलं, त्यातला ‘नं’ विथ. थंडीनं कापत होता, तोही विथ. मिशीवाला माणूस, तो ‘वाला’ विथ. केळं सालीसकट खाल्लं, ते ‘सकट’ही विथ. स. मान डोलावत होती. आबाजीसुद्धा डोलावत होते, ते कशाला कोण जाणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
या विथनं डोकं उठवलंय. मोठा शब्दकोश माळ्यावरून काढला (धूळ, शिंका, शेवटी गोळी घ्यावी लागली). तर त्यात काय? जुन्या इंग्रजीत विथ म्हणजे ‘विरुद्ध’! सोबत नाहीच. सोबतीसाठी वेगळा शब्द होता, ‘मिड’. विथनं हळूहळू त्याला हुसकावलं आणि त्याच्या जागी बसला. म्हणून फाइट विथ. म्हणून विथस्टँड म्हणजे समोर ठाकून टिकणं. इतकी वर्षं मी फळ्यावर ‘विथ = सोबत’ लिहीत आले आणि मुलं बिचारी उतरवत आली. कोणाकडे तक्रार करायची आता?
मेथी निवडताना सुचलं की आपला ‘शी’ तरी कुठे साधा आहे. बहिणीशी बोलते, बहिणीशी भांडते. एकाच शीनं दोन्ही. म्हणजे ज्याच्या समोर उभं राहायचं त्याच्याशीच भांडणही आणि बोलणंही. जी समोरच उभी राहत नाही तिनं काय करायचं?
‘मिड’ आता फक्त मिडवाइफमध्ये उरलाय. बाळंतिणीच्या सोबतची बाई. स.ला सांगितलं तर एकदम खुलली, तिचा कोर्सच नर्सिंग-मिडवाइफरीचा. “म्हंजे माह्या डिग्रीत हाय ते?” हेही कुजबुजतच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
हद्द झाली. मागच्या अंगणात नेऊन पाहिलं, तर सासरा ओसरीत आहे एवढ्यानंच ही तिथेही कुजबुजते. शेवटी मी सरळ आबाजींपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, मोठ्यानं बोलल्याशिवाय इंग्रजी येत नसतं. तुमच्यासमोर बोलली तर चालेल का?
त्यांनी सुपारी कातरली. तोंडात टाकली. चावली. माझा जीव जायची वेळ आली तेव्हा म्हणाले, “इंग्रजीत बोलून राह्यली त बोलू द्या. थे कुठी मले समजते? मराठीत नाई बोलली म्हंजे झालं.”
झाला निवाडा! इंग्रजीत बोललेलं बोलण्यात धरायचं नाही. वर्षानुवर्षांची रीत, आणि तिला हे एवढं भोक.
आणि मग पदराआडून जो आवाज आला! दवाखान्यातल्या वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा. अंगणातली कोंबडी पळाली. मीही दचकले.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आता थांबतच नाही. गप्प बस म्हणायची पाळी माझ्यावर. आजचं उत्तर: माय फादर-इन-लॉ इज अ मॅन विथ अ बिग मस्टॅश. ही कट्स सुपारी विथ अडकित्ता. ही लिव्ह्ज विथ मी, बट ही टॉक्स विथ द वॉल. आबाजी बाजेवर बसून सगळं शांतपणे ऐकत होते. हसू दाबता दाबता मला ठसका लागला.
मग त्याच आवाजात पुढे: आय विल गो टू इंग्लंड, आय विल लीव्ह हिम अलोन, ही डझ नॉट नो.
हसू गेलं. बाहेर बोळात नेऊन विचारलं, म्हणजे त्यांना परीक्षेचं ठाऊकच नाही? ते काय समजून मला रोज चहा पाजतात? नवऱ्याचं नाव न घेता म्हणाली, “मले वाटलं ह्यायनं सांगतलं. ह्यायले वाटलं तुम्ही सांगतलं. तुम्ही मामाजीसंग बोलता ना.”
मी? मी सांगितलं? मी या घरातली भिंत आहे का?

२३ नोव्हेंबर, रविवार
प्रशांत आलाय. त्याला बोलावून चांगलं झापलं. चांगला उंचापुरा माणूस, मान खाली घालून म्हणतो, “मॅडम, बाबाले म्या सांगतलं त ते उठून वावरात जातीन. तुमचं ऐकतेत. तुम्हीच सांगा ना.” तिला जाऊ द्यायचं आहे तुला? “हो ना. मीबी जाईन तिच्या मांगून.” आणि वडील? यावर चप्पल घातली. टपरीवर गेला तो परत आला नाही.
चीड येते. पण चिडून तरी काय? आबाजींना बायको गेल्यापासून ही पोरगीच दोन वेळचं ताट वाढते, भिंतीला सांगून का होईना. ती गेली तर तेवढंही नाही. मला स. जायला हवी आहे, अगदी मनापासून. आणि ओसरीतल्या त्या म्हाताऱ्याकडे बघवतही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
आज घडलं. जमेल तसं लिहिते.
स.चं बोलणं चालू होतं. आबाजींनी मध्येच हात वर केला. मला म्हणाले, “मॅडम, हे फादर-इन-लॉ म्हंजे मीच ना? रोज माहं काय सांगून राह्यली हे? सांगा बरं.”
मी तोंड उघडलं. स. माझ्याकडे बघत होती, सतरंजीचा काठ मुठीत. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य सगळ्या घरानं माझ्यावर टाकलं होतं. मी म्हटलं, “मी नाही सांगणार आबाजी. बसली आहे ना ती समोर? तिलाच विचारा.”
ते खांबाकडे वळले. “म्हना…” म्हणाले आणि थांबले. मग मान वळवून तिच्याकडे बघत, “सविता, काय म्हनते वं तू माह्याबद्दल?”
वाटलं, ही इंग्रजीतच पळणार. नाही पळाली. त्याच वॉर्डातल्या आवाजात, मराठीत: “मामाजी, मले इंग्लंडले नोकरीवर जायचं हाय. नागपूरले परीक्षा हाय. तुम्ही एकटे राह्यसान, त्याचं काय करू थे मले समजून नाई राह्यलं.”
आबाजी उठले, टोपी घातली आणि जेवण न करता वावराकडे गेले. ती रडली नाही. मी मात्र घरी येऊन रडले, आणि त्याचाही राग आला.

३० नोव्हेंबर, रविवार
तीन दिवस शिकवणी बंद. आज मीच गेले. बोलणं कच्चं राहिलंय, परीक्षा मंगळवारी.
आबाजी बाजेवर. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. प्रशांतनं फोनवर विचारलं तर फोन ठेवून दिला म्हणे. मी विषय काढला तर मला म्हणाले, “तुम्ही शिकवा तुमचं.” म्हणजे अजून अडकलेलंच आहे सगळं. संतापून मी पुस्तक उघडलं.
थोड्या वेळानं त्यांनीच हाक मारली. मला नाही, भिंतीलाही नाही. “सविता, एकट्या मानसाले जेवाले कोन वाढते वं?”
ती वाक्य अर्धं सोडून थांबली. “तिकडं मले म्हनता का इकडं तुम्हाले, मामाजी?”
आबाजी तिच्याकडे बघत राहिले. ती त्यांच्याकडे. मी पुस्तकात मान घातली.