मोहाचं मडकं आणि माझा पेपर

५ एप्रिल
संकल्प: 'व्यसन, कायदा आणि आदिवासी समाज' हा पेपर याच महिन्यात संपवायचा. आमच्या कॉलेजात माझ्याइतका निर्व्यसनी समाजशास्त्राचा प्राध्यापक दुसरा नाही. गुटखा व्यसनात धरायचा नाही, ती सवय. शिवाय राज्यात बंदी आहे, म्हणजे अधिकृतरीत्या मी खातच नाही. बेसिनमधले लाल डाग बघून रुचिकाने तांब्या फेकला. कपाळावर टेंगूळ. नवऱ्याच्या संशोधनाला बायकोचा पाठिंबा शून्य.

८ एप्रिल, तोरणमाळच्या पुढचा पाडा
इथे जामसिंग आणि करणसिंग या शेजाऱ्यांची जुंपलेली. बांधावरच्या मोहाची फुलं कोणी वेचायची, एवढ्यावरून. जामसिंगचं डोकं फुटलं, करणसिंगचा हात मोडला. उद्या पंच बसणार. निष्कर्ष आजच लिहून टाकला: हिंसेचं मूळ दारू. (त्या दिवशी कोणीच प्यायलं नव्हतं म्हणे. अपवाद.) पोलिसांना फोन करून दारू पकडायला घाटात नाकाबंदी लावायला सांगितली.

९ एप्रिल, सकाळ
निवाडा झाला. फुलं निम्मी-निम्मी. मग जामसिंगच्या आईने, तुळशीबाईने, मोहाच्या दारूचं मडकं आणून मध्ये ठेवलं. मी उठलो आणि लाथ घातली. टाळ्यांची अपेक्षा होती.

दुपार. पालथा पडून लिहितोय.
देवाला दारूची धार वाहून भांडणारे दोघं एका मडक्यातली पीत नाहीत, तोवर इथे भांडण मिटलं असं धरत नाहीत. हे आधी सांगायला काय झालं होतं? मडकं फुटलं आणि काठ्या निघाल्या. जामसिंगचे टाके उसवले. करणसिंगच्या भावाचे पुढचे दात गेले. मला दोन्ही घरांनी मारलं. तेवढ्या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं, हे पेपरात घ्यायला हवं.
तुळशीबाई रडत म्हणाली, नवरा असाच भांडणात गेला, आता पोरगा नाय घालवायचा. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं.

१० एप्रिल
पंचांचा हुकूम: मडकं तू फोडलं, दारू तूच आण, दिवस मावळायच्या आत. पाड्यावरची संपली, म्हणून खाली उतरलो. मी पळू नये म्हणून सोबत करणसिंग, बऱ्या हातात काठी. डबा भरून घेतला. याला सहभागी निरीक्षण म्हणतात.

संध्याकाळ
घाटात नाकाबंदी. हवालदार चुनीलाल म्हणाला, सर, तुमनाच फोन व्हता ना. मी देवाची धार, पंच, निवाडा सगळं समजावलं. तो म्हणाला कायदा म्हणजे कायदा, आणि डबा रस्त्यावर उलटा केला. मग हात पुढे करून विचारलं, सर, पुडी शे का? होती. गुटख्याची, शेवटचीच. अर्धी त्याला दिली, अर्धी मी खाल्ली.
करणसिंग ओल्या डांबराकडे बघत होता. वर जामसिंग कुऱ्हाड घेऊन बसलाय, म्हणाला. मग माझ्या गुडघ्यावर काठी बसली. मी खाली पडून ओरडलो, हवालदार, ती काठी जप्त करा.
चुनीलालने आधी पिंक टाकली. म्हणाला, काठीवर बंदी नही शे, सर.
करणसिंग काठी घेऊन वर निघून गेला.